लिहिलेलं पाळणारा

दिसायला तो अगदी साधा. दहा-बारा पानं, कोपऱ्यात एक पिन, पहिल्या पानावर घरच्यांच्या नावांचा तक्ता आणि पुढे बारीक अक्षरांची दाटी. व्हिसा आला की पेढे वाटतात, तिकिटाचा फोटो स्टेटसला लागतो; याच्या वाट्याला तसलं कौतुक येत नाही. पण कुटुंब वर्षानुवर्षांसाठी परदेशी राहायला निघालं की सगळ्यांत मोठी जबाबदारी याच्याच अंगावर पडते. हा आरोग्य विम्याचा कागद.

मोताळा तालुक्यातल्या आमच्या धामणगाव बढे गावात विमा म्हटलं की आधी पीक विमा आठवतो. कपाशी-सोयाबीन पाण्याखाली गेलं की 72 तासांच्या आत कळवायचं, हा पूर्वीचा नियम इथल्या शेतकऱ्याला पाठ होता. नुकसान डोळ्यांना दिसत असलं तरी वेळेत कळवलं नाही, सातबाऱ्यावरचं नाव जुळलं नाही, की अर्ज अडकायचा. परदेशच्या मुक्कामाचा विमा याच घराण्यातला. त्याला आपली अडचण समजत नाही, लिहिलेलं समजतं. आणि जे लिहिलं ते तो पाळतो.

पुतण्याला जर्मनीत, श्टुटगार्टला नोकरी लागली. बायको आणि लहान लेक बरोबर जाणार आणि घर लागलं की आबा-आजी दोन महिने राहून येणार, असं ठरलं. तेव्हा हा कागद आमच्या घरात पहिल्यांदा नीट वाचला गेला.

त्याची पहिली सवय म्हणजे नावा-तारखांचा काटेकोरपणा. आबांचा जन्म पोळ्याच्या आगेमागे झाला असं घरात सगळे सांगतात. शाळेच्या दाखल्यावर मात्र 1 जून. त्या काळच्या गुरुजींनी अर्ध्या गावाला हीच जन्मतारीख दिली. पासपोर्टवर 1 जून आहे, म्हणजे कागदालाही 1 जूनच हवी. हप्ता ठरतो वयावर, आणि वय ठरतं त्या तारखेवर.

दुसरी सवय अधिक कडक. तो विचारतो, आधीचा काही आजार? आजीची साखरेची गोळी देवघराशेजारच्या डब्यात असते. काकू म्हणाल्या, "काहून लिहिता शुगरचं? हप्ता वाढते ना!" वाढतो, हे खरं. पण परदेशातला डॉक्टर पहिल्याच रक्ततपासणीत ती साखर पाहणार आणि इस्पितळाचे कागद विमा कंपनीकडे जाणार. लपवलेल्या आजारापायी पुढचा सगळा दावा बुडू शकतो. सांगितलं तर निदान कळतं की काय मिळेल, काय मिळणार नाही. आजीनेच शेवटी डबा आणून पुतण्यापुढे ठेवला, "लिही बाबा, गोळीचं नाव वाचून लिही."

देश बदलला की याचा पेहरावही बदलतो. कामगारांसाठी आरोग्य विम्याचा कायदा जर्मनीने 1883 मध्येच केला. तिथे नोकरी सुरू झाली की सरकारी विम्याचा हप्ता पगारातून कापला जातो, जवळपास निम्मा मालक भरतो, आणि न कमावत्या बायकोला व मुलांना त्याच हप्त्यात संरक्षण मिळतं. म्हणून पुतण्याला वेगळा कागद लागला तो फक्त विमानातून उतरल्यापासून नोकरीच्या पहिल्या दिवसापर्यंतच्या फटीसाठी. ही फट लहान वाटते, पण पोरीला ताप त्याच आठवड्यात येऊ शकतो. आबा-आजी मात्र त्या सरकारी छत्राखाली येत नाहीत. त्यांच्या शेंगेन व्हिसाला किमान 30,000 युरोचा वेगळा प्रवास विमा लागतो, आणि तो व्हिसा 180 दिवसांत 90 दिवसांपुरताच. लांबच्या मुक्कामाला ब्रिटनला जाणाऱ्या बहुतेकांना व्हिसाबरोबरच आरोग्य अधिभार भरावा लागतो. 2024 पासून मोठ्या माणसामागे तो वर्षाला 1,035 पौंड आहे. दुबईत कामगाराचा विमा मालकाने काढायचा, पण बायको-मुलांना बोलावून घेणाऱ्याला त्यांचा विमा स्वतः पाहावा लागतो.

आखाती देशांत मजुरीला जाणाऱ्या, दहावी न झालेल्या माणसासाठी आपल्या सरकारची प्रवासी भारतीय बीमा योजना आहे. दोन वर्षांना 275 रुपये, तीन वर्षांना 375, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर 10 लाख. एवढ्याशा पैशांत मिळणारं हे संरक्षण आपल्याला आहे, हे त्या मजुराच्या घरच्यांना माहीत असायलाच हवं. नाहीतर कागद पेटीत पडून राहतो आणि हक्क मागायला कुणी जात नाही.

या कागदात एक कलम असं आहे की ते मोठ्याने वाचायला घरात कुणी धजत नव्हतं. परदेशी मृत्यू आला तर पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च. काकूंनी पदर तोंडाला लावला, "असं अभद्र कायले लिहून ठेवते हे लोक?" मला मात्र त्या क्षणी या कागदाबद्दल खरा आदर वाटला. आपण मायेपोटी जे बोलत नाही ते तो आपल्या वतीने आधीच बोलून ठेवतो. दूरच्या मुलखात दुःखाने वेडंपिसं झालेल्या माणसाला पैशांसाठी दारोदार फिरावं लागू नये, ही काळजी त्या तीन ओळींत आहे.

परदेशचा विमा झाला म्हणून इथला बंद करायचा, असं पुष्कळजण करतात. तो हप्ता जड वाटला तरी चालू ठेवावा असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडच्या 2024 च्या नियमांप्रमाणे आधीच्या आजारांसाठी जास्तीत जास्त 3 वर्षं थांबावं लागतं, आणि सलग 5 वर्षं विमा चालू राहिला की फसवणूक सोडून माहिती दडवल्याच्या कारणावर दावा नाकारता येत नाही. पॉलिसी बंद पडली की ही सगळी पुण्याई जाते, आणि परतलेल्या माणसाला चाळिशी-पन्नाशीत नव्याने सुरुवात करावी लागते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं 5 लाखांचं संरक्षण मागे राहणाऱ्यांना मोठा आधार आहे, पण ते श्टुटगार्टच्या इस्पितळात चालत नाही.

म्हणून निघण्याआधी एक संध्याकाळ या कागदाला द्यावी. काय मिळतं यापेक्षा काय मिळत नाही ते पान आधी वाचावं: दातांचे उपचार, बाळंतपण, जुने आजार, आणि आपल्या खिशातून भरायची पहिली रक्कम. चोवीस तास चालणारा मदतीचा फोन नंबर प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये घालावा, कारण इस्पितळात दाखल होताच कळवा अशी त्याची अट असते. आणि पॉलिसी क्रमांकासह एक प्रत गावाकडे ठेवावी. परक्या देशात नवरा अतिदक्षता विभागात आणि बायको लेकराला सांभाळत बाहेर बसलेली असली, तर तो फोन लावायला धामणगावातला माणूसच मोकळा असेल.