पाला कुठंय?

घरात मुळा किसायला घेतला की आमचे ‘हे’ आधी सगळ्या खिडक्या उघडतात, आणि पानावर बसले की कोशिंबीर दोनदा मागून घेतात! मुळ्याचं नशीबच असं. नावं ठेवायची आणि खायचाही. पण मी मुळ्याला कधी नावं ठेवत नाही. त्याला कारण आहे.

माझं माहेर पुण्याचं. १९८३ च्या मार्गशीर्षात लग्न होऊन मी जालन्याला आले. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण ऐकूनच आले होते. सासरी येऊन आठवडाही झाला नव्हता, तोच बाजारातून मुळे आणायची पाळी आली. माहेरी आम्ही मुळा आणायचो तो कोशिंबिरीपुरता. पाला भाजीवालीकडेच मोडून टाकायचा, पिशवीत तेवढीच जागा! इथंही मी तेच केलं.

सासूबाईंनी पिशवी ओतली. “पाला कुठंय?”

“तिथंच टाकून दिला.”

“काहून?”

मला उत्तर सुचेना. त्या पुढं काही बोलल्या नाहीत. पायांत वहाणा सरकवल्या, पदर सारखा केला आणि निघाल्या. अर्ध्या तासानं परतल्या त्या हातात पाल्याची जुडी घेऊनच. शेजारणी दारात उभ्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं! चार आण्यांच्या पाल्यासाठी चारचौघींत नव्या सुनेची शोभा करायची का? मी मुकाट्यानं भाजी चिरली. पण रात्री घास काही उतरेना.

जेवणं झाल्यावर सासूबाई जवळ येऊन बसल्या. त्यांनी सांगितलं ते बाहत्तर सालचं. तेव्हा ही मंडळी अंबड तालुक्यात खेड्यावर राहायची. विहिरी आटल्या. रेशनवर तांबडी मिलो मिळायची, खडी फोडायच्या कामावर सुकडी. पोट कसंबसं भरायचं. पण हिरवं पान म्हणून दृष्टीला पडायचं नाही. माझी धाकटी नणंद तेव्हा चार वर्षांची. दिवेलागण झाली की पोर भिंतीला धडकायची. डॉक्टर म्हणाले, रातांधळेपणा आहे. औषध देतो, पण हिला हिरवा पाला खाऊ घाला. “आता पाला आणू कुठून, सांग!” सासूबाई म्हणाल्या. दवाखान्यातलं औषध आणि पुढच्या वर्षीचा पाऊस, दोन्हींनी मिळून पोरीची नजर राखली. “तवापासून पाला फेकवत नाही बघ मला. तुला कमी लेखायला नव्हते गेले गं.”

मैत्रिणींनो, डोळ्यांना लागणारं जे सत्त्व असतं, ते मुळ्याच्या पांढऱ्या कांडीत जवळजवळ नाहीच. ते सगळं पाल्यात! आणि आपण नेमका तोच टाकतो.

मग मी सासूबाईंच्या हाताखाली मुळा शिकले. मुळा घ्यायचा तो पाला बघून. पाला टवटवीत तर मुळा ताजा. हातात जड लागला पाहिजे. दिसायला दांडगा आणि वजनाला हलका, तो आतून पोकळ, जाळी पडलेला निघतो. थंडीतला मुळा गोड. ऊन तापलं की तिखट नि रेषाळ.

घरी आणल्याबरोबर पाला नि मुळा वेगळे करावेत. नाहीतर पाला मुळ्यातलं पाणी ओढून घेतो आणि मुळा लिबलिबीत होतो. फ्रीज नव्हता तेव्हा सासूबाई मुळे रांजणाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवायच्या. दोन-तीन दिवस कडक राहायचे. आता मी ते न धुता ओलसर फडक्यात गुंडाळून, पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवते. आठवडाभर सहज टिकतात. पाला मात्र कोरड्या कागदात गुंडाळायचा आणि दुसऱ्या दिवशी संपवायचाच.

पाल्यात माती फार. नळाखाली धरण्यापेक्षा परातीत पाणी घेऊन पाला बुडवून वर उचलावा. माती तळाशी बसते. असं दोन-तीनदा करावं. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळून गेल्या, तेव्हा हे परातीतलं पाणीसुद्धा आम्ही तुळशीला नि कढीपत्त्याला घातलं.

भाजीसाठी मूठभर मुगाची डाळ अर्धा तास भिजवावी. फोडणीत सात-आठ लसूण पाकळ्या नि हिरव्या मिरच्या ठेचून घालाव्यात, मग डाळ, मग बारीक चिरलेला पाला. झाकण ठेवू नये, उग्र वास निघून जातो. मीठ शेवटी, कारण पाला आळून मूठभर होतो नि भाजी खारट होते. वरून दाण्याचं कूट. ज्वारीची गरम भाकरी हवीच!

कोशिंबिरीचा मुळा किसून दहा मिनिटं उघडा ठेवावा, तिखटपणा उतरतो. दही नि मीठ वाढायच्या वेळी. आधीच मीठ घालून पाणी सुटलं, तर ते ओतू नका. थालीपिठाची भाजणी त्यातच भिजवा. आणि मुळा फुलावर जाऊन शेंगा धरल्या, तर त्या डिंगऱ्यांचीही भाजी होते. मुळ्याचं वाया जावं असं काही नाहीच.

परवा माझ्या सुनेनं फोनवरून भाजी मागवली. मुळे आले ते पांढरेशुभ्र, पाला छाटलेले. माझ्या अगदी ओठांवर आलं, ‘पाला कुठंय?’ नणंदबाई आल्या होत्या. आता पन्नाशी कधीच उलटली त्यांची. नाकावर चष्मा घेऊन सुईत दोरा ओवत बसल्या होत्या. माझ्याकडं बघून हसल्या. म्हणाल्या, “वहिनी, माझ्या डोळ्यांची गोष्ट सांगितली नाहीत वाटतं हिला अजून?”

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेतली आणि बाजाराला निघाले. सासूबाई तेव्हा एकट्याच गेल्या होत्या. मी सुनेला बरोबर घेतलं. गोष्ट वाटेतच सांगितली. सासूबाईंच्या पद्धतीत मी केलेली सुधारणा एवढीच!