काळ्या पडद्यावरचं टपाल

'मट' हा ईमेल वाचायचा प्रोग्राम पहिल्यांदा उघडला तेव्हा वाटलं, लॅपटॉप बिघडला. बटण नाही, चित्र नाही, माउसला काही कामच नाही. काळा पडदा, त्यावर एकाखाली एक पत्रं आणि प्रत्येकाला क्रमांक. माझं माहेर धुळ्याचं. कॅप्टन ब्रिग्जनं आखलेल्या त्या गावात पत्ता 'गल्ली नंबर चार' असाच सांगतात, त्यामुळे क्रमांकांचं मला वावडं नाही. पण धुळ्यात गल्ली चुकली तर कुणीतरी ओट्यावरून हाक मारून रस्ता दाखवतं. इथे प्रश्नचिन्ह दाबलं की कळींची यादी येते, ती संपता संपत नाही, आणि आपण होतो त्याहून जास्त हरवतो.

हे सगळं भाच्याचं काम. आम्ही काही जण मिळून एक छोटा दिवाळी अंक काढतो. मजकूर ईमेलनं येतो, अमळनेरहून, शहाद्याहून, पुण्याहून. माझ्या जुन्या लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये एक पत्र उघडेपर्यंत चहा निवायचा. भाच्यानं लिनक्स टाकलं, मट बसवलं आणि जळगावला आपल्या नोकरीवर निघून गेला. आता फोन करून विचारतो, "काय करी ऱ्हायनी मामी?"

मायकल एल्किन्स यांनी हा प्रोग्राम १९९५ मध्ये लिहायला घेतला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमनं आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. तेव्हाच्या स्वस्त जोडणीत नुसती अक्षरंच दिसायची आणि लोक 'पाइन' नावाच्या अशाच प्रोग्राममध्ये पत्रं वाचायचे. म्हणजे ज्याला मी नवं संकट समजत होते, ते शहरातल्या माझ्या वयाच्या लोकांनी केव्हाच पचवलं होतं.

माझी आवडती कळ एल. ती दाबून टिल्डचं नागमोडी चिन्ह, एफ आणि नाव लिहिलं की फक्त त्या माणसाची पत्रं उरतात. बाकीची नाहीशी होत नाहीत, नुसती बाजूला होतात. एफच्या जागी एस लिहिलं तर विषयात शोध, बी लिहिलं तर मजकुरात. आणि खरी मजा या अटी जोडण्यात आहे. महिन्याहून जुनी, अमुक लेखकाची आणि मी अजून उत्तर न दिलेली पत्रं, एवढं एका ओळीत मागता येतं. उद्गारचिन्ह म्हणजे 'नाही'. हे समजलं त्या संध्याकाळी मी किती कवींना ताटकळत ठेवलंय ते एका पडद्यावर आलं. ब्राउझरच्या शोधपट्टीतही असं काही जमत असेल, पण तिथे मला ते कधी सुचलं नव्हतं. इथे दुसरं करण्यासारखं काही नसल्यानं सुचतं.

मोठा टी दाबून तशीच अट लिहिली की जुळणाऱ्या सगळ्या पत्रांवर खूण बसते. मग अर्धविराम आणि एस. सगळ्या कविता एका झटक्यात 'कविता' फोल्डरमध्ये. डी दाबलं तरी पत्र लगेच पुसलं जात नाही, त्यावर फक्त खूण पडते. डॉलरचं चिन्ह दाबलं किंवा बाहेर पडताना विचारल्यावर होकार दिला, तरच ते जातं. तोवर यू दाबून परत आणता येतं. साभार परत करण्याच्या कामाला ही रीत फार सोयीची.

सगळ्यात लाडाची सोय मात्र वेगळी. पत्रात 'अटॅच्ड' असा शब्द इंग्रजीत लिहिला आणि फाइल जोडायची राहिली, तर पाठवण्याआधी मट अडवून विचारू शकतं. कोणते शब्द पाहायचे ते आपण ठरवायचं. भाच्यानं एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये 'सोबत' आणि 'जोडल' लिहून ठेवलं. आता 'सोबत मानधनाचं पत्रक पाठवत आहे' असं लिहून नुसतंच पाठवायला गेलं की ते मराठीत अडतं.

पत्रं आधीच लॅपटॉपवर उतरवून ठेवलेली असतात, त्यामुळे धुळे-जळगाव एसटीत पारोळा-एरंडोलच्या मध्ये रेंज गेली तरी वाचन थांबत नाही. गुप्त लेखनाच्या किल्ल्यांचीही सोय आहे म्हणे. आमच्या अंकात चोरण्यासारखं काही नाही.

खरं दुखणं देवनागरीचं. मट ज्या काळ्या खिडकीत चालतं तिला टर्मिनल म्हणतात. पहिल्या टर्मिनलमध्ये वेलांट्या अक्षर सोडून शेजारी जाऊन बसायच्या, जोडाक्षरं फुटायची. टर्मिनल बदलल्यावर बरंच सुधारलं, तरी लांब विषयांच्या ओळी अजून वाकड्या दिसतात. बँकेची रंगीत पत्रं मध्ये दुसरा प्रोग्राम घालून नुसत्या अक्षरांत वाचते, आणि खरं सांगायचं तर जाहिरात उडाल्यावर त्यात दोनच ओळी उरतात.

एक ज्येष्ठ कवी मात्र अजून वहीच्या पानाचे फोटो पाठवतात. मट तिथे 'जेपीईजी' एवढंच सांगतं. व्ही दाबायचं, फोटो वेगळा उघडायचा आणि तो आडवा असला तर लॅपटॉप उभा धरून कविता वाचायची.