हयातीचा दाखला

आमच्या घरी सत्तावीस वर्षे धुणेभांडी करणाऱ्या मावशी गेल्या श्रावणात अकरा दिवस आल्या नाहीत. आणि त्या का आल्या नाहीत याची चौकशी करण्यास आमच्यापैकी कोणीही गेले नाही. ही गोष्ट आरंभीच सांगून टाकलेली बरी. नाहीतर पुढे आम्ही वार्धक्याविषयी जे लिहिणार आहोत ते वाचून आम्ही मोठे कनवाळू गृहस्थ आहोत असा वाचकांचा ग्रह होण्याचा संभव आहे. पहिले दोन दिवस 'गावी गेल्या असतील' असे आम्ही म्हणालो. तिसऱ्या दिवशी त्यांच्या बेफिकिरीबद्दल थोडे चिडलो. दोनदा फोन लावला, तो लागला नाही. तेवढ्याने आमच्या सदसद्विवेकबुद्धीचे समाधान झाले. पाचव्या दिवशी शेजारच्या घरी येणाऱ्या एका तरुण बाईस कामास सांगितले. आणि भांडी घासली जाऊ लागताच आमची काळजीही घासूनपुसून लख्ख झाली!

बाराव्या दिवशी मावशी स्वतःच आल्या. हातात काठी होती, आणि पायरी चढताना त्या दोनदा थांबल्या. वस्तीतल्या नळावर, पावसाने निसरड्या झालेल्या फरशीवर त्यांचा पाय सरकला होता. हाड मोडले नव्हते; पण सत्तरीच्या देहास अंथरुणास खिळण्याकरिता हाडच मोडावे लागते असे नाही. मुलगा मालमोटारीवर चालक, तो महिना-दीड महिन्याने घरी येणारा. शेजारच्या भाजीवालीने दोन वेळचा चहा आणि एक वेळचे जेवण दिले म्हणून निभावले. हे सारे त्यांनी तक्रारीचा सूर न लावता सांगितले, आणि मग भीत भीत येण्याचे कारण सांगितले. "दादा, मी हाये म्हणून दोन वळी लिहून द्या. तुमची सही आसंल तर मानतील."

आम्हांस प्रथम अर्थबोध होईना. मग उलगडा झाला. निराधार वृद्धांना सरकारकडून जे मासिक अनुदान मिळते, त्यासाठी वर्षातून एकदा आपण हयात असल्याचे सिद्ध करावे लागते. मावशी त्यासाठी दोनदा कचेरीत जाऊन आल्या होत्या आणि दोन्ही वेळा यंत्राने त्यांचा अंगठा नाकारला होता. त्या समोर उभ्या होत्या, बोलत होत्या, धापा टाकीत होत्या. परंतु अंगठा उमटत नसल्यामुळे त्या आहेत याविषयी सरकारची खात्री पटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना रिक्षात घालून कचेरीत नेले. रांगेत उभे असता आम्ही त्यांचा अंगठा हाती घेऊन पाहिला. सत्तावीस वर्षांत तो प्रथमच पाहिला असे म्हटले तरी चालेल. त्यावरील रेषा झिजून तो नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत झाला होता. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून पुण्यास आलेल्या या बाईने आधी खडी फोडली, मग विटा वाहिल्या, आणि मग पंचवीस-तीस वर्षे लोकांची भांडी घासली. त्या लोकांत आम्ही अग्रभागी आहोत. यंत्रास जी ओळख पटत नव्हती ती आमच्याच कढया-पातेल्यांवर खर्ची पडली होती, हा विचार मनात आला आणि आम्ही तो अंगठा हळूच सोडून दिला.

कचेरीतील कारकून दुष्ट नव्हता. रांगेने तो पिचून गेला होता एवढेच. अंगठा उमटला नाही तर डोळ्याची बाहुली पाहावी, नाहीतर फोनवर येणारा आकडा घ्यावा, अशी पर्यायी सोय असते. पण ती सोय मागण्यासाठी ती आहे हे ठाऊक असावे लागते. ती मागण्याची भीड चेपलेली असावी लागते, आणि फोन चालू असावा लागतो. मावशींच्या फोनातील पैसे पंधरवड्यापूर्वीच संपले होते. आम्ही चष्मा सावरून, कॉलेजात वापरतो त्या आवाजात दोन वाक्ये बोललो, आणि वीस मिनिटांत मावशी हयात ठरल्या. अंगठा तोच होता. बदलली होती ती सोबत!

वाटेत परतताना आम्हांस मध्यंतरी वाचलेल्या काही गोष्टी आठवल्या. वैद्यकशास्त्र जर्जरता ही निव्वळ वयाची गोष्ट मानीत नाही. २००१ साली अमेरिकेतील लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची पाच लक्षणे सांगितली: नकळत वजन घटणे, सततचा थकवा, मुठीची पकड सैल होणे, चाल मंदावणे आणि हालचाल कमी होणे. पाचांतील तीन आढळली की मनुष्य जर्जर समजावा. आपल्या देशातही २०१७-१८ साली पंचेचाळीस वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांची जी मोठी पाहणी झाली, तीत मुठीची पकड आणि चालीचा वेग मोजण्यात आला. हे सर्व योग्यच आहे. परंतु मावशींची पकड मोजून त्या अकरा दिवसांचा हिशेब कसा लागणार?

तो हिशेब कॅनडातील मेलिसा अँड्र्यू, मित्नित्स्की आणि रॉकवुड या संशोधकांनी २००८ साली निराळ्या रीतीने मांडला. हा मनुष्य एकटा राहतो काय, अडचणीत धावून येणारे कोणी आहे काय, मन मोकळे करण्यास कोणी आहे काय, अशा प्रश्नांतून पुढे आलेल्या उणिवांची त्यांनी बेरीज केली. ही बेरीज शरीराच्या जर्जरतेशी निगडित असली तरी तिच्याहून वेगळी आहे, आणि जर्जरता जमेस धरूनही जिची बेरीज मोठी त्या व्यक्तीचा मृत्यू लवकर ओढवण्याचा संभव अधिक, असे त्यांना आढळले. आम्ही वर्गात 'किंग लिअर' शिकवीत आलो आहोत. पण त्या राजाचे स्वार मुली शंभरावरून पन्नासावर आणि पन्नासावरून पंचवीसावर का आणतात, हे आम्ही केवळ कथानकाचा भाग म्हणून सांगत असू. त्याचे म्हातारपण वादळात सुरू होत नाही. माणसे वजा होऊ लागतात तेथेच ते सुरू होते.

आणि कॅनडात जर हे खरे, तर आपल्याकडे त्याची धार किती तीव्र असेल! २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढची माणसे सुमारे १० कोटी ३८ लाख होती. गरीब देशात देह लवकर झिजतो, कारण त्याचा वापर लवकर सुरू होतो आणि त्यास अन्न कमी मिळते. आणि देह झिजल्यावर आधार म्हणून जे कुटुंब असावे, ते पोटामागे दूर गेलेले असते. साठ ते एकोणऐंशी वयाच्या दरिद्री वृद्धास केंद्र सरकार महिना २०० रुपये देते. २००७ साली त्या योजनेस आजचे नाव मिळाले तेव्हाही आकडा हाच होता. आपल्या राज्याने आपली भर घालून अनुदान २०२३ साली १५०० रुपयांवर नेले. घरकाम करणाऱ्या बायांच्या कल्याणासाठी महाराष्ट्रात २००८ साली कायदाही झाला. आमच्या घरात मात्र त्याचा उच्चार कधी झाला नाही. ही मदत तुटपुंजी आहे हे तर खरेच. पण तिचे खरे वैगुण्य दुसरे आहे. ज्या बळाच्या अभावी ती द्यायची, तेच बळ ती मिळविण्यासाठी लागते. चालवत नाही त्याने कचेरीत चालत जावे, आणि ज्याला कोणी नाही त्याने कोणाला तरी सोबत आणावे!

आम्हांस सेवानिवृत्तीस दोन वर्षे उरली. नंतर दर नोव्हेंबरात आम्हांसही आपल्या हयातीचा दाखला द्यावा लागेल. आमचा अंगठा बहुधा स्पष्ट उमटेल. खडूखेरीज त्यावर कशाचा घाव पडलेला नाही. परंतु श्रावणातले ते अकरा दिवस मावशींच्या हयातीचा दाखला कचेरीने दिला नाही की आम्ही दिला नाही. तो त्या भाजीवालीने रोज सकाळी दार लोटून दिला.

आता मावशी काम करीत नाहीत. त्यांचा पगार आम्ही चालू ठेवला आहे. त्यात औदार्य काही नाही, ती बाकी आहे. पण त्या दिवशी त्यांना घरी पोचविताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. पर्वतीच्या पायथ्याशी कुठेतरी राहतात, यापलीकडे त्यांचा पत्ता आम्हांस ठाऊकच नव्हता; जायचे मनात आणले असते तरी आम्ही कोठे गेलो असतो?

घरी आलो तेव्हा नवी बाई भांडी घाशीत होती. आम्ही तिला विचारले, "तुम्ही राहता कुठे? घर नेमके कुठले?" तिचा हात थांबला. घाबऱ्या नजरेने आमच्याकडे पाहत ती म्हणाली, "का हो दादा? माझं काही चुकलं का?"