मूळची कुठली?

डग्लस फेअरबँक्सचा 'द थीफ ऑफ बगदाद' हा १९२४ सालचा मूकपट हिंदुस्थानातही अफाट गाजला. त्यात शत्रूशी संधान बांधणारी एक मंगोल दासी आहे. तिचे काम फार मोठे नाही. तरी ती पडद्यावर आली की नजर राजकन्येवरून ढळते. ती ॲना मे वाँग.

१९०५ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चिनी कुटुंबात तिचा जन्म झाला. वडिलांची लाँड्री होती. तेही कॅलिफोर्नियातच जन्मलेले. शाळा बुडवून चित्रीकरण पाहत उभी राहणारी ही मुलगी सतराव्या वर्षी 'द टोल ऑफ द सी' (१९२२) या रंगीत मूकपटाची नायिका झाली. त्यात अखेरीस ती आपले मूल गोऱ्या बाईच्या ओटीत घालते आणि समुद्राला जवळ करते. पुढे हे मरण तिच्या पाचवीलाच पुजले. गोरा पुरुष आणि चिनी स्त्री यांचा विवाह कॅलिफोर्नियाच्या कायद्याला १९४८ पर्यंत मान्य नव्हता. मग पटकथाकाराने नायिकेची सोय दुसरी कोणती लावावी?

कंटाळून १९२८ मध्ये ती युरोपात गेली. बर्लिनमध्ये जर्मन शिकली, लंडनमध्ये 'पिकाडिली' केला. तेथील रंगभूमीवर मात्र समीक्षकांना तिचे अमेरिकन उच्चार खटकले! पिढ्यानपिढ्या एका गावात राहूनही 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न ज्यांनी ऐकला आहे, त्यांना यातील खोच उलगडून सांगायला नको. आणि अमेरिकेत काय? तेथील चिनी-बंदीचा कायदा १९४३ पर्यंत अमलात होता. जन्माने नागरिक असूनही परदेशी जाताना, परत येण्याच्या हक्कासाठी तिला अर्ज भरून द्यावा लागे.

'शांघाय एक्स्प्रेस' (१९३२) मध्ये मार्लिन डीट्रिचसमोर ती तसूभरही कमी पडली नाही. त्यामुळे पर्ल बक यांच्या 'द गुड अर्थ' या कादंबरीवर चित्रपट निघतो आहे म्हटल्यावर शेतकऱ्याच्या बायकोची, ओ-लानची, भूमिका तिने मनात धरली. पण शेतकरी झाला पॉल म्युनी. नायक गोरा ठरल्यावर त्याची बायकोही गोरीच हवी, म्हणून लुईझ रायनर आली. वाँगला विचारले गेले ते लोटससाठी, घरात कलह माजवणाऱ्या दुसऱ्या बायकोसाठी. मुख्य भूमिकांत गोऱ्यांनी चिनी सोंगे घ्यायची आणि चिनी रक्ताच्या नटीने तेवढे दुष्टपात्र रंगवायचे, हे तिने साफ नाकारले. रायनरला त्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले. तिचा अभिनय वाईट नाही. पण आज तो पाहताना मन न झालेल्या चित्रपटाकडेच धावते.

१९३६ मध्ये वाँग प्रथमच चीनला गेली. तेथील वृत्तपत्रांनी पूर्वीच तिला बोल लावले होते, देशाची नाचक्की करणाऱ्या भूमिका करते म्हणून. घरची बोली दक्षिणेकडची, त्यामुळे पेकिंगची भाषा तिला नव्याने शिकावी लागली. परतल्यावर 'डॉटर ऑफ शांघाय' (१९३७) मध्ये ती नायिका झाली, नायक कोरियन वंशाचा फिलिप आन. या चित्रपटात ती शेवटपर्यंत जिवंत राहते.

१९६१ मध्ये, छप्पन्नाव्या वर्षी, ती गेली. २०२२ मध्ये अमेरिकेने पाव डॉलरच्या नाण्यावर तिचा चेहरा आणि इंग्रजी नाव कोरले. लॉस एंजेलिसमध्ये आईच्या थडग्यातच तिला पुरले आहे. शिळेवर वर आईचे नाव आहे, इंग्रजी वळणाचे. कडेला मुलीचे, चिनी अक्षरांत.