हौदाचा सांधा

वीज पुष्कळदा रात्री मिळते आणि पिकाला पाणी द्यायचे असते दिवसा, म्हणून बरेच जण शेतात सिमेंट-काँक्रीटचा हौद बांधतात. तो गळू लागला की दोष सिमेंटच्या पोत्याला देतात. माझ्या पाहण्यातले बहुतेक हौद मात्र एकाच जागी गळतात. तळ आणि भिंत जिथे मिळतात तिथे.

जालना भागातल्या एका मोसंबीवाल्या जोडप्याचे असेच झाले. सोयाबीनचा पैसा आणि बाईंच्या बचत गटाचे कर्ज त्यात घातलेले. तळ टाकून गवंडी दुसऱ्या कामावर गेला, तो आठ दिवसांनी उगवला. आल्याबरोबर फडक्याने धूळ झटकली आणि भिंत चढवली. उन्हाळ्यात रात्री भरलेला हौद सकाळी वीतभर उतरलेला. बाई म्हणाल्या, "साहेब, हप्ता तर भरायचाच आहे, अन् झाडं वाळायला लागलीत."

काँक्रीट बसताना त्यातले जादा पाणी वर येते आणि सिमेंटचा व वाळूचा बारीक गाळ सोबत आणते. तो दुधावरच्या सायीसारखा वर धरतो. दिसायला गुळगुळीत, पण नखाने खरवडला तर भुकटी निघते. या सायीवर नवे काँक्रीट चिकटते, खालच्या काँक्रीटला नाही. आपल्या घरातल्या बायकांना हे सांगावे लागत नाही. जुनी भुई खरवडून, भिजवून घेतल्याशिवाय त्या सारवण करीत नाहीत.

तेव्हा तळ टाकतानाच भिंतीची चार-सहा बोटे उंचीची पट्टी त्याच्याबरोबर ओतून घ्या. म्हणजे सांधा कोपऱ्यातून वर येतो आणि फळ्याही घट्ट बसतात. काँक्रीट बोटाने दबेनासे झाले, पण अजून कोवळे आहे, अशा वेळी तारेच्या ब्रशने साय काढा व खडीची तोंडे उघडी करा. उन्हाळ्यात ही वेळ तीन-चार तासांत येते, थंडीत उशिरा. ती चुकली तर छिन्नीने टाचे मारावे लागतात, आणि मजुरीही लागते. सळयांना चिकटलेला वाळका गाळही झाडा. मग सांधा धुऊन आदल्या दिवसापासून ओला ठेवा; ओतण्यापूर्वी साचलेले पाणी मात्र टिपून घ्या. ओल हवी, डबके नको. सिमेंटचा घोळ लावायचा तर हातभर पुढे लावीत जा व लगेच काँक्रीट टाका. वाळलेला घोळ म्हणजे पुन्हा सायच. पहिला थर सळईने नीट ठोसा. ५० किलोच्या पोत्याला २५ लिटरपेक्षा जास्त पाणी घालू देऊ नका. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. गवंडी कुरकुरेल, कुरकुरू द्या.

त्या मोसंबीवाल्यांनी आधी बाहेरून गिलावा करून पाहिला होता. पाण्याचा दाब आतून, त्यामुळे तो फुगून सुटला. शेवटी हौद रिकामा केला, आतून सांध्यावर खाच पाडली, धुतली, भिजवली, न आकसणारा मसाला भरला आणि वर गोल वाटा मारला. आठवडाभर गोणपाट ओले ठेवण्याचे काम बाईंनी स्वतःकडे घेतले. त्यानंतर हौद एकदम काठोकाठ न भरता रोज थोडा थोडा भरला, आणि भिंतीवर खडूने खूण करून पाणी किती उतरते ते सात दिवस पाहिले. उन्हाने उडेल तेवढेच उतरले.