गाडीचा मालक कोण?

"जुनी गाडी घरीच रिस्टोअर करतोय" असं सांगितलं की ऑफिसातली मंडळी लगेच फोटो मागतात. फोटो दाखवला की चेहरे पडतात. त्यांच्या डोळ्यांसमोर हिंदी सिनेमातली लाल चकचकीत मोटार असते. आमची म्हणजे चपट्या नाकाची, पत्रा खाल्लेली महिंद्रा एफसी-१५० पिकअप. महागावच्या वाड्यामागे गोठ्यात गेली पंचवीसएक वर्षं उभी आहे, आणि हौद्यात शेजारच्यांची कोंबडी अंडी घालते.

ज्यांनी ही गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी: एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. मूळ गाडी अमेरिकेतल्या विलीज कंपनीची. महिंद्राने १९६५ पासून ती परवान्यावर आपल्याकडे बनवली. हाडं जीपचीच, पण ड्रायव्हर पार पुढच्या चाकांवर बसतो आणि इंजिन दोन सीटांच्या मधे. त्यामुळे एवढ्याशा गाडीला भलामोठा हौदा मिळतो. आणि इंजिन मांडीला मांडी लावून बसलेलं असल्याने मे महिन्यात काय होत असेल ते यवतमाळ जिल्ह्यातल्या लोकांना सांगायला नको :-)

आजोबांनी ती १९७४ मध्ये जुनीच घेतली. चालवायचे मोठे काका. १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झालेली, कापूस सरकारी केंद्रावरच द्यायचा, आणि केंद्रावर बैलगाड्यांची ही रांग. काका कापूस हौद्यात कोंबून, वर पाल बांधून रांगेत लावायचे आणि रात्री त्याच कापसावर झोपायचे. ती झोप पुन्हा कधी लागली नाही असं ते अजून म्हणतात.

मी नागपूरहून दर दुसऱ्या शनिवारी वर्धा-यवतमाळ-आर्णी करत येतो. पहिले दोन महिने फक्त जाम झालेलं इंजिन सुटायची वाट बघण्यात गेले. प्लग काढायचे, चारही सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल ओतायचं, पुढच्या वेळी येऊन हँडल मारून बघायचं. सॉफ्टवेअरवाल्या माणसाला ही शिक्षाच. इथे रिस्टार्ट नाही, लॉग नाही, नुसती वाट. शेवटी एका रविवारी हँडल पाव इंच हललं तेव्हा मी आणि मिस्त्री दोघेही ओरडलो.

इंजिन आहे हरिकेन, चार सिलिंडर, २.२ लिटर. त्याची गंमत अशी की हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, आणि धूर बाहेर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये. हेड उघडलं, तिसरा सिलिंडर गंजलेला निघाला. पुसदला लेथवर रिबोर केला, नवीन पिस्टन-रिंगा टाकल्या. कार्बोरेटर साफ केला, फ्युएल पंपाचा पडदा आणि सगळे रबरी पाइप बदलले, कारण आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याला दाद देत नाही. एवढं करून इंजिन नुसतं फटाफट फटाके वाजवायचं. दोन शनिवार गेले. काका बाजेवर पडल्या पडल्या म्हणाले, "एक-तीन-चार-दोन हाय का पाहा." पाहिलं. कुणीतरी कधीकाळी प्लगच्या वायरी एक-दोन-तीन-चार अशा सरळ लावून ठेवल्या होत्या. काकांना हल्ली दुपारी काय जेवलो ते आठवत नाही, पण फायरिंग ऑर्डर पाढ्यासारखी पाठ!

असो. खरी अडचण पुढेच होती. कागदपत्रं.

मला वाटत होतं की २०२१ साली केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळा नियम केलाय, पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो, काम झालं. नियम नीट वाचला. तो दुचाक्यांना आणि एम-१ म्हणजे माणसं नेणाऱ्या चारचाकींना आहे. मालवाहूला नाही. म्हणजे आयुष्यभर शेठजींना फिरवलेली मोटार वारसा, आणि आयुष्यभर कापूस वाहिलेली गाडी नुसतीच म्हातारी. कमाल आहे.

मग साधा मार्ग. आरसी आजोबांच्या नावावर, आजोबा १९९६ मध्ये गेले. वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, आणि बाकीच्या वारसांची नाहरकत. वारस सहा: बाबा, मोठे काका, धाकटे काका गेल्यामुळे काकू नि त्यांची दोन पोरं, आणि दिग्रसची आत्या.

पाच सह्या एका संध्याकाळी झाल्या. आत्याकडे मी एकटाच गेलो. १९९७ ला वाटणी झाली तेव्हा तिच्याकडून जमिनीचं हक्कसोडपत्र करून घेतलं होतं. तेव्हापासून ती लग्नकार्याला येते, मुक्काम करत नाही. वडिलांच्या मालमत्तेत मुलगी वारस आहे हे कायद्यात १९५६ पासून लिहिलेलं आहे, आणि आपल्याकडच्या घराघरांत तिची सही घेऊन ते खोडलेलंही आहे. माझं स्पष्ट मत आहे की आमच्या घरातही तेच झालं.

आत्याने कागद दोनदा वाचला. म्हणाली, "बाप्पा, जमिनीच्या टायमालेबी असंच झालं. चहा पाजला, साडी देली, कागद पुढं केला. आता या भंगाराचंबी हक्कसोड का?"

मी गप्प. तीच पुढे म्हणाली, "मायाच नावावर कर ना मंग."

घरी येऊन सांगितलं. बाबा म्हणाले, "तिले गाडी चालवता येते का?" आणि उठून शेतात गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चुलतभाऊ म्हणाला, त्यापेक्षा भंगारवाल्याला देऊ, गोठा तरी मोकळा होईल. काकांनी एकच विचारलं, "नंबर तोच राहीन ना?" म्हटलं, हो, जुना तीन अक्षरांचाच. "मंग लिव्ह तिचं नाव."

तिसऱ्या दिवशी रात्री बाबांचा फोन आला. आत्याच्या आधारकार्डावर माहेरचं नाव आहे की सासरचं, एवढंच विचारलं.

आता फॉर्मवर मालकाच्या रकान्यात आत्याचं नाव आहे आणि बाकी पाच जणांची नाहरकत तिच्या बाजूने. पुढच्या फेरीत व्हील सिलिंडर आणि ब्रेक शू, कारण ब्रेक लागल्याशिवाय फिटनेस मिळणार नाही. आत्याने निरोप धाडलाय की ती पाहायला येणार आहे, आणि रात्री राहणार आहे.