मान कुणापुढे तुकवायची

ख्रिस्ती घरांत 'देवाची इच्छा' हे शब्द उठता-बसता कानांवर पडतात. लग्न जमलं, देवाची इच्छा. मोडलं, तीही त्याचीच इच्छा. तरुण माणूस गेला की मातीला आलेले लोक त्याच्या बायकोला हेच ऐकवतात आणि चहा घेऊन घरी जातात. प्रभूच्या प्रार्थनेत 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' ही विनंती रोजच्या भाकरीच्याही आधी येते. पोटाचं मागण्याआधी आपण आपला हट्ट देवाच्या पायाशी ठेवतो, ठेवतो असं निदान म्हणतो तरी. बालपणापासून तोंडपाठ असल्यामुळे ते किती मोठं मागणं आहे, हे जिभेला जाणवत नाही.

या मागण्याचा अर्थ मला कुठल्या प्रवचनापेक्षा पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात अधिक कळला. मराठी माणसाला त्या समाजसुधारक म्हणून ठाऊक आहेत. त्यांची श्रद्धा मात्र अवघड नातेवाइकासारखी बाजूला बसवली जाते. मला ते पटत नाही. त्यांनी जे केलं ते त्या श्रद्धेतूनच केलं.

29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे रमाबाईंचा आणि त्यांच्या छोट्या मुलीचा, मनोरमेचा, बाप्तिस्मा झाला. आईवडील दुष्काळात गेलेले, पाठोपाठ भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच पतीही गेला. परक्या देशात, मठातल्या भगिनींच्या आधारानं राहणारी ही विधवा आता सांगितलं ते मुकाट ऐकेल, असंच कुणालाही वाटलं असतं. तसं काही झालं नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असं त्यांनी विचारलं. मांसाहार केला नाही. पुढे इंग्लंडमधल्याच चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याला बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा असल्या गोष्टी ठरवणारे हे कोण, हा त्यांचा सवाल होता. सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता. त्यांच्याशी रमाबाईंचा जो पत्रव्यवहार झाला त्यात प्रेम आहे, कृतज्ञता आहे आणि ठाम नकारही आहे. मोठ्या कष्टानं आपल्याकडच्या पुरोहितांच्या जोखडातून मी सुटले, आता देवाची आज्ञा म्हणून दुसऱ्या पुरोहितांचं जोखड मानेवर घेणार नाही, अशा आशयाचं त्यांनी लिहिलं आहे.

त्या वेळी अनेकांना हा अहंकार वाटला. मला यात शरणागतीची पहिली खूण दिसते. आपला मालक एकच, हे ज्याला पक्कं ठाऊक झालं त्याला बाकीच्यांना मालक म्हणवत नाही.

अर्थात एवढ्यानं शरणागती पुरी होत नाही, आणि ते रमाबाईंनीच सांगितलं आहे. 1907 साली लिहिलेल्या साक्षीत त्या म्हणतात की बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, खुद्द ख्रिस्त नव्हे. तो सापडायला आणखी आठ वर्षं जावी लागली. तोवर त्यांचं अमेरिकेत नाव झालं होतं, विधवांसाठीचं त्यांचं शारदासदन 1889 मध्ये मुंबईत उघडून दुसऱ्याच वर्षी पुण्याला आलं होतं, पुस्तकं लिहून झाली होती. जगाच्या दृष्टीनं सगळं मिळालेली बाई लिहिते की माझं मन अजून पुरतं त्याच्या हाती गेलं नव्हतं. हे वाचताना दर वेळी मी थांबते. आम्ही पिढीजात ख्रिस्ती, पाळण्यात पाणी शिंपडलेले. ही आठ वर्षं आम्ही कधी मोजायची?

मग 1896-97 चा दुष्काळ आला. कोवळ्या वयात पाहिलेली उपासमार रमाबाईंच्या अंगात मुरलेली होती. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि मुलींना घेऊन आल्या, शेकड्यांनी. पुण्यात प्लेगचे निर्बंध, एवढ्या जणींना शहरात जागा नाही. तेव्हा दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेवरच्या केडगावात, त्यांनी घेऊन ठेवलेल्या माळरानावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. त्यातच अमेरिकेतल्या मित्रमंडळींनी दहा वर्षांसाठी दिलेल्या मदतीची मुदत 1898 मध्ये संपली. बांधलेली मिळकत नाही आणि पुढे खाणारी तोंडं हजारावर गेली. इथून पुढे रमाबाई देवावर विसंबून राहिल्या असं चरित्रांत वाचायला मिळतं. ते खरंच आहे, पण त्या विसंबण्याला कुदळ-फावडं होतं. विहिरी खणल्या, शेत केलं, गुरं पाळली, माग चालवले, छापखाना घातला आणि तो बायकांच्या हाती दिला. पहाटे प्रार्थना करायची आणि उजाडल्यावर धान्याचा हिशेब बघायचा, यात त्यांना विसंगती दिसली नाही. पाण्यासाठी प्रार्थना करणाऱ्यानं विहीर खणायला घ्यावी, हे आमच्या कितीतरी उपासनांमधून निसटून गेलं आहे.

शेवटची वर्षं त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. कानांनी नीट ऐकू येत नव्हतं, शरीर थकलं होतं. केडगावचा हा सगळा पसारा जिच्या हाती सोपवायचा ती मनोरमा 1921 मध्ये, आईच्या आधी गेली. पुढच्याच वर्षी, 5 एप्रिलला रमाबाई गेल्या. मनोरमेच्या मृत्यूचं कारण देवाच्या योजनेत शोधायला मी जाणार नाही. कुणी जाऊही नये. गेथशेमानेच्या बागेत येशूनंसुद्धा हा प्याला टळावा म्हणून आधी मागणं केलं, तेही पुन्हा पुन्हा. ते मागणं अवज्ञा ठरलं नाही. रमाबाई त्या वर्षी काय बोलल्या असतील देवाशी, ते त्यांचं त्यांना ठाऊक. आपल्याला दिसतं ते इतकंच, की भाषांतराचं काम थांबलं नाही.

हे सगळं आता मनात येण्याला कारण आहे. आमच्या मंडळीतली एक मुलगी नर्स आहे. तिला आखातात नोकरी चालून आली आहे. घरी आईला मधुमेह आणि पायाला न भरणारी जखम, धाकट्याची फी थकलेली. घरगुती प्रार्थना सभेत तिनं 'मला मार्गदर्शन मिळावं म्हणून प्रार्थना करा' एवढंच म्हटलं. बायबल मांडीवर उघडं होतं आणि एका बोटानं ती पानाचा कोपरा दुमडत, उलगडत होती. आमेन झालं मात्र, एक काका म्हणाले, दार देवानंच उघडलं आहे, जा. एक मावशी म्हणाल्या, आईला टाकून जाणं देवाला आवडणार नाही. दोघांचा आवाज सारखाच खात्रीचा. पाळकसाहेबांनीही एक वचन काढून दिलं. ती मुलगी काय म्हणते, ते कुणी विचारलं नाही.

माणसं वाईट नाहीत. आईच्या आजारात डबे याच घरांतून जातात. पण देवानं तिच्याशी बोलायच्या आत आपणच त्याच्या वतीनं बोलून मोकळे झालो, आणि ती आज्ञाधारक असल्यामुळे गोंधळली. मंडळीनं अशा वेळी काय करावं? आईची जखम रोज कोण बांधेल, फीचं काय करता येईल, हे बघावं. ती थांबली तरी आणि गेली तरी. म्हणजे तिला भीतीपोटी ठरवावं लागणार नाही, आणि भीती हटली की माणसाला देवाचं म्हणणं जरा स्वच्छ ऐकू येतं असा माझा विश्वास आहे.

तिनं अजून काही ठरवलेलं नाही. उत्तर कळवायला महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. येत्या रविवारी उपासनेनंतर पंचांची बैठक आहे. तिथे फीचा विषय मी मांडणार आहे, आणि तोवर तिला कुणी सल्ला देऊ नये, असंही सांगणार आहे. जखम बांधायला सोमवार आणि गुरुवार मी घेतले आहेत. बाकीच्या वारांसाठी नावं हवी आहेत.